आमच्या घरच्या महालक्ष्म्या : माझा अनुभव

भाद्रपद शुद्ध पक्षात अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्यांचे आवाहन, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन, हा तीन दिवसांचा क्रम नागपुरातील माझ्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. सासूबाईंच्या गुडघेदुखीमुळे गेल्या वर्षी ज्येष्ठा-कनिष्ठा या दोन महालक्ष्म्या उभ्या करण्याचे काम प्रथमच माझ्याकडे आले. त्या खुर्चीवर बसून सांगत होत्या आणि मी करीत होते.

महालक्ष्म्यांचे धड म्हणून उभ्या केलेल्या पत्र्याच्या कोठ्यांत गहू आणि तांदूळ भरून वर लाडू-करंज्या ठेवल्या, इथवर सारे सुरळीत झाले. साडी नेसवताना मात्र माझी परीक्षाच झाली. कमरेला नाडी बांधून एकेक निरी तिच्यात खोचली, पदर खांद्यावर आणला आणि मुखवटा बसवायला गेले, तोच ज्येष्ठेची साडी नाडीसकट घसरली. "अगं, पत्र्यावर गाठ बसत नाही, आधी धोतराचा जुना कपडा गुंडाळ," असे सासूबाई म्हणाल्या. सुती कपड्याचे तीन वेढे दिल्यावर नाडी जागची हलली नाही. शिवलेल्या तयार साड्या आता बाजारात मिळतात आणि नोकरी करणाऱ्या सुनांची त्यामुळे मोठी सोय झाली आहे. तरीही देवीला निऱ्या हातानेच घालाव्यात, असे मला मनापासून वाटते.

तिन्हीसांजेला तुळशीपासून देवघरापर्यंत रांगोळीची पावले काढली, मुखवटे ताम्हणात घेऊन थाळी वाजवीत घरात आणले आणि "कशाच्या पावलांनी आली?" या प्रश्नाला "सोन्या-रुप्याच्या पावलांनी" असे उत्तर देत स्वयंपाकघर, धान्याची जागा, कपाट असे सारे घर त्यांना दाखवले.

दुसऱ्या दिवशी सगळे सोळाच्या हिशोबाने चालते : 16 भाज्या, हळदीत रंगवलेला 16 पदरांचा व 16 गाठींचा दोरा, आरतीला पुरणाचे 16 दिवे. कॉटन मार्केटमधून आणलेल्या भाज्या मोजताना 2 कमी भरल्या, तेव्हा शेजारच्या काकूंनी परसातले लाल भोपळ्याचे फूल आणि अळूची पाने आणून दिली. पुरणपोळी, ज्वारीच्या पिठाची आंबील, कढी आणि पंचामृत यांसह नैवेद्य वाढून सवाष्ण जेवायला बसली, तेव्हा दुपारचे 2 वाजून गेले होते.

मूळ नक्षत्रावर दहीभाताचा नैवेद्य दाखवून, अक्षता वाहून मुखवटे हलवले. धोतराचा तो कपडा धुऊन मी मुखवट्यांच्या पेटीतच ठेवला आहे.