गाढव, बैल आणि हॉर्न

"हॉर्न ऐकायला व्हिएन्नाला? संध्याकाळी सातला सिंहगड रोडला उभा राहा की, फुकट आहे," हा ऑफिसातल्या मित्राचा सल्ला. मला ऐकायचं होतं ते वाद्यवृंदातलं हॉर्न, वेटोळं घातलेल्या पितळी नळीचं. त्याला काय सांगणार? शाळेत मी बँडपथकात बिगुल वाजवायचो आणि एका पंधरा ऑगस्टला, झेंडा अर्ध्यावर असताना, माझा सूर असा फाटला की पाहुण्यांनी टोपी सावरली. तेव्हापासून फुंकून वाजवायच्या वाद्यांबद्दल मला भीतियुक्त आदर आहे.

नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात पोहोचलो. ऑपेरात, म्हणजे तिथल्या गाऊन होणाऱ्या नाटकांच्या थिएटरात, उभ्याने पाहायची स्वस्त तिकिटं मिळतात. रांगेत तासभर काढायचा, आत गेल्यावर कठड्याला मफलर बांधायचा, की जागा आपली. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. मी वरच्या गॅलरीत होतो. रंगमंच तिरका दिसत होता, पण खालचा वादकांचा खड्डा मात्र अगदी स्वच्छ. हॉर्नवाले विसाव्याच्या जागा आल्या की नळीचा एक वेढा उपसून काढत, आतलं पाणी जमिनीवर ओतत आणि पुन्हा बसवत. पाणी म्हणजे श्वासाची वाफ. वर रंगमंचावर नायिका प्राण सोडतेय आणि खाली हे निवांत पाणी काढतायत!

व्हिएन्नाचं हॉर्न जगातल्या इतर हॉर्नपेक्षा वेगळं आहे. बाकी ठिकाणी बहुतेक जण दुहेरी, म्हणजे लांब आणि आखूड अशा दोन नळ्यांचं हॉर्न वापरतात. वरचे सूर आले की अंगठ्याने कळ दाबून आखूड नळीवर जायचं, म्हणजे धोका कमी. व्हिएन्नावाले मात्र बहुतांशी एफ पट्टीच्या एकाच लांब नळीला धरून राहिले. उलगडली तर ती जवळपास पावणेचार मीटर भरेल. सूर बदलायला नळीची लांबी कमी-जास्त करणाऱ्या तिच्या जोड-दट्ट्यांच्या झडपांचं पेटंट इथल्याच लिओपोल्ड उलमान यांनी 1830मध्ये घेतलं. इतरत्र त्या झडपा कधीच मागे पडल्या, इथे अजून चालू आहेत. लांब नळीत वरचे नैसर्गिक सूर एकमेकांना खेटून बसलेले असतात. ओठ केसभर हलला की शेजारचा सूर लागतो. त्या फाटक्या आवाजाला इथे 'गिक्सर' म्हणतात. माझ्या पंधरा ऑगस्टला नाव मिळालं.

मग एवढा हट्ट का? आवाजासाठी. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मध्ये खटका येत नाही, मींड घेतल्यासारखा सूर सरकतो. हे कान एकाने दुसऱ्याला दिलेले आहेत. इथले हॉर्नवादक कार्ल श्टिग्लर, त्यांचे शिष्य गॉटफ्रिड फॉन फ्रायबेर्ग, त्यांचे रोलान्ड बेर्गर. आपल्याला लगेच घराणं आठवतं, पण इथे गुरूच्या घरी राहणं वगैरे नाही, नोकरी आहे. आधी ऑपेराच्या वाद्यवृंदात निवड, तिथे किमान तीन वर्षं काढल्यावर त्याच वादकांच्या व्हिएन्ना फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाच्या सदस्यत्वासाठी अर्ज. मग दहा-दहा महिन्यांचा हंगाम, जवळजवळ रोज संध्याकाळ. बंधुभाव मोठा, आणि फार काळ अक्षरशः बंधूंचाच. फिलहार्मोनिकने बाईला सदस्य करून घेतलं ते थेट 1997मध्ये.

दुसऱ्या दिवशी हेल्डनप्लाट्झवरच्या जुन्या वाद्यांच्या संग्रहालयात काचेमागची हॉर्न बघताना हॉर्नवादक योसेफ लाइटगेब आठवला. संगीतकार मोत्सार्टचा दोस्त, त्याच्यापेक्षा चोवीस वर्षांनी मोठा, सासरा चीजविक्रेता. मोत्सार्टने त्याच्यासाठी हॉर्नच्या रचना लिहिल्या आणि एकीच्या हस्तलिखितावर खरडलं: लाइटगेब या गाढवाची, बैलाची आणि मूर्खाची आपल्याला दया आली, व्हिएन्ना, 27 मे 1783. गाढवाला जर्मनमध्ये एझेल म्हणतात. हा शब्द मी तिथेच पाठ केला. प्रवासात कधी लागेल सांगता येत नाही.

खरी मजा रविवारी आली. 3 नोव्हेंबर हा शिकाऱ्यांचा संत ह्युबर्टस याचा दिवस. त्या सुमारास गावोगावच्या चर्चमध्ये हॉर्नवर प्रार्थनासंगीत होतं. शहराबाहेरच्या एका छोट्या चर्चमध्ये गेलो. हिरव्या कोटातले आठ-दहा वादक आले आणि आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. शिकारी हॉर्नचं तोंड मागे असतं, म्हणून श्रोत्यांना पाठ दाखवणं हाच शिष्टाचार. त्यात शिक्षक होते, सुतार होता, आणि ऑपेरातून निवृत्त झालेले एक आजोबाही. व्यावसायिक आणि हौशी असे एकत्र वाजवणं इथे जुनं आहे. फिलहार्मोनिकचे हॉर्नवादक योसेफ शांट्ल यांच्या पुढाकाराने 1883मध्ये स्थापन झालेला हॉर्नवाल्यांचा संघ आजही चालू आहे.

मधल्या एका शांत जागी टोकाच्या पोराचा सूर फाटला. स्पष्ट, खणखणीत. एकाही मानेने वळून पाहिलं नाही. नंतर शेजारच्या खानावळीत आजोबांनी आलेला पहिला बिअरचा मग न बोलता त्या पोरापुढे सरकवला. पोरगं लाल झालं, मग हसलं.

"तुम्ही वाजवता?" त्यांनी मला इंग्रजीत विचारलं.

"शाळेत. बिगुल."

त्यांनी आपलं हॉर्न माझ्या हातात दिलं. पितळ अजून कोमट होतं. पोट आत घेतलं, ओठ आवळले आणि फुंकलं. अडलेल्या म्हशीसारखा काहीतरी आवाज निघाला.

टेबलाच्या टोकाकडून कुणीतरी ओरडलं, "एझेल!"

सगळे हसले, आणि एक मग माझ्याकडे सरकला.