चार लिंक आणि टाय रॉडसाठी नळीची निवड : काम कुठवर आले

मागच्या ॲक्सलची डावीकडची खालची लिंक, म्हणजे ॲक्सलला चासीशी जोडणाऱ्या चार दांड्यांपैकी एक, सोडवून मी सपाट लोखंडी पाटावर आडवी ठेवली आणि हाताने लोटली, तेव्हा ती अर्धी फेरी घेऊन थांबली. पुन्हा लोटली, तरी पुन्हा त्याच कुशीवर येऊन थांबली. टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून मधला फरक मोजला, तर तो ११ मिमी भरला. नळी फुटली नव्हती, वेल्ड उकलला नव्हता, रॉड एंडचे, म्हणजे टोकाच्या फिरत्या सांध्याचे, आटेही शाबूत होते. फक्त मधोमध, तळाच्या बाजूला, अंगठ्याच्या पेराएवढा एक पोचा होता आणि त्याच्याभोवतीचा रंग बारीक रेषांनी तडकला होता. पायरीसारख्या खडकावरून उतरताना गाडी याच लिंकवर टेकली होती. ही नळी ४२ मिमी व्यासाची, ३ मिमी जाडीची साधी ईआरडब्ल्यू (पट्टी वळवून शिवण जोडलेली) होती आणि ती हाताशी होती म्हणून मी वापरली होती. सस्पेन्शन आणि स्टिअरिंग दोन्हीकडच्या नळ्या नव्याने निवडायच्या, आणि या वेळी प्रत्येक भाग कशामुळे निकामी होऊ शकतो ते आधी कागदावर मांडायचे, असे मी तेव्हाच ठरवले.

सुरुवात खालच्या लिंकपासून केली. गाडी सुमारे १८०० किलोची आहे. खड्या चढावर सगळे वजन मागच्या चाकांवर आले आणि टायरला वजनाइतकीच पकड मिळाली असे धरले, तर जमिनीपाशी पुढे ढकलणारे बल सुमारे १७.७ किलोन्यूटन होते. माझ्या ॲक्सलवर खालच्या लिंकचे सांधे जमिनीपासून ३८० मिमी आणि वरच्यांचे ५८० मिमी उंचीवर आहेत, आणि लिंक जवळपास आडव्या आहेत. आघूर्णांचा, म्हणजे बल गुणिले अंतर अशा वळवणाऱ्या जोरांचा, मेळ घातल्यावर खालच्या दोन्ही लिंकवर मिळून या बलाच्या २.९ पट दाब येतो आणि वरच्या दोन्हींवर १.९ पट ओढ येते. दोन सांध्यांमधले उभे अंतर जितके कमी, तितके हे आकडे फुगत जातात, हे ज्यांना जागेअभावी वरच्या लिंक खाली आणाव्या लागतात त्यांनी लक्षात ठेवावे. माझ्या बाबतीत खालच्या प्रत्येक लिंकच्या वाट्याला साधारण २५.६ किलोन्यूटन दाब येतो. ९०० मिमी लांबीच्या त्या जुन्या नळीची बकलिंगची मर्यादा, म्हणजे निव्वळ दाबाखाली नळी बाजूला वाकून निकामी होण्याची मर्यादा, ऑयलरच्या सूत्राने सुमारे १७५ किलोन्यूटन येते. इंजिनाच्या जोराने ती लिंक कधीच वाकली नसती.

तिला वाकवले खडकाने. दोन्ही टोकांना फिरते सांधे असलेली लिंक एरवी फक्त ओढली किंवा दाबली जाते. मधोमध खडक टेकताच ती दोन टेकूंवरची तुळई होते. तिच्यावर ६०० किलो भार आला असे धरले, तर मध्यावर १३२४ न्यूटन-मीटर आघूर्ण तयार होतो. तो सेक्शन मॉड्युलसने, म्हणजे नळीच्या छेदाचा आकार वाकण्याला किती विरोध करतो ते सांगणाऱ्या आकड्याने, भागला की ४२ × ३ च्या नळीत ३९५ मेगापास्कल ताण निघतो. साध्या ईआरडब्ल्यू नळीचे यील्ड, म्हणजे ज्या ताणापुढे पोलाद मूळ आकारात परत येत नाही ती मर्यादा, साधारण २४० मेगापास्कलच्या आसपास असते. हे गणित आधी केले असते तर ती नळी गाडीखाली गेलीच नसती.

जाडी वाढवावी की व्यास, या प्रश्नावर माझा सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो सत्कारणी लागला असे मला मनापासून वाटते. ३८ × ६ ही नळी मीटरला ४.७४ किलो भरते आणि तिचे सेक्शन मॉड्युलस ४२०६ घन मिमी आहे. व्यास तोच ठेवून जाडी ८ मिमी केली, तर वजन ५.९२ किलोवर जाते, पण मॉड्युलस केवळ ४७८२ होते. त्याऐवजी जाडी ६ मिमीच ठेवून व्यास ४५ मिमी केला, तर वजन ५.७७ किलो, म्हणजे ८ मिमी जाडीच्या नळीपेक्षाही कमी, आणि मॉड्युलस ६३५९. केंद्रापासून दूर असलेले पोलादच वाकण्याला खरा विरोध करते. आतल्या बाजूला घातलेले पोलाद बहुतांशी नुसते वजन म्हणून वाहिले जाते. भरीव सळई वापरण्याचा सल्ला अधूनमधून ऐकू येतो, त्याचे उत्तरही यातच आहे: ३८ मिमीची भरीव सळई ३८ × ६ च्या नळीपेक्षा ८८ टक्के जड असते आणि ताठरपणा मात्र २८ टक्केच जास्त देते.

हाच विचार पुढे ताणला, तर ५० × ३ ची नळी ३८ × ६ पेक्षा हलकी असूनही तिचे मॉड्युलस ४९१२, म्हणजे जास्त, भरते. तरीही खालच्या लिंकसाठी मी ती घेणार नाही, कारण सूत्रातली नळी शेवटपर्यंत गोल राहते आणि खडकावरची नळी तशी राहत नाही. खडकाचे टोक एका बिंदूवर दाबते, पातळ नळीला तिथे पोचा येतो, गोलाई चपटी झाली की तेवढ्या जागी मॉड्युलस घटते, आणि आघूर्ण सर्वांत जास्त असतो तो नेमका त्याच जागी. माझ्या वाकलेल्या लिंकवरचा तो पेराएवढा पोचा हेच सांगत होता. म्हणून खालच्या लिंकसाठी ६ मिमीपेक्षा कमी जाडी नको आणि त्या जाडीत जागेत मावेल तेवढा मोठा व्यास घ्यायचा, असे मी ठरवले. ३८ ऐवजी ५० मिमी घेतल्यावर लिंकची तळरेषा फक्त ६ मिमी खाली येते आणि तेवढे अंतर मला परवडते.

आता पोलादाच्या प्रकाराकडे येतो. याची चर्चा सर्वांत जास्त होते, आणि माझ्या मते याचा विचार सर्वांत शेवटी करावा. साधे कार्बन पोलाद असो की क्रोमोली हे मिश्र पोलाद, दोन्हींचा स्थितिस्थापकता गुणांक जवळपास सारखाच, साधारण २०५ गिगापास्कल असतो. त्यामुळे एकाच मापाच्या दोन नळ्या सारख्याच भाराखाली सारख्याच लवतात. फरक पडतो तो कोणती परत सरळ होते यात. ईआरडब्ल्यू नळी ही पट्टी गोल वळवून कडा विजेने जोडून तयार होते. त्याच नळीची आतली शिवण काढून तिला साच्यातून, आत दांडा ठेवून, थंड अवस्थेत ओढले की डीओएम नळी तयार होते. या पद्धतीच्या नळीला सीडीडब्ल्यू असेही म्हणतात. थंड ओढाईने पोलाद कडक होते आणि आतबाहेरची मापे काटेकोर येतात. १०२६ प्रतीच्या डीओएम नळीचे यील्ड सुमारे ४८० मेगापास्कल धरता येते, म्हणजे साध्या ईआरडब्ल्यूच्या दुप्पट. ५० × ६ मध्ये त्या ६०० किलोच्या भाराने १६२ मेगापास्कल ताण येतो. गाडी आदळून उतरली आणि भार दुप्पट झाला तरी ३२४ येतो. डीओएम हे सहज पेलते आणि ईआरडब्ल्यू पेलत नाही.

४१३० क्रोमोलीत साधारण ०.३० टक्के कार्बन, त्याबरोबर क्रोमियम आणि मॉलिब्डेनम असते, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण नॉर्मलाइज्ड, म्हणजे तापवून हवेत निवू दिलेल्या, अवस्थेत तिचे यील्ड चांगल्या डीओएमपेक्षा फार पुढे नसते. तिची खरी ताकद हार्डनिंग (तापवून झटकन निववणे) आणि टेंपरिंग (पुन्हा बेताने तापवणे) केल्यावर दिसते. शिवाय ६ मिमी जाडीला वेल्ड करायचे तर ती आधी तापवावी लागते आणि नंतर सावकाश निवू द्यावी लागते, नाहीतर वेल्डच्या कडेचा पट्टा कडक होऊन ठिसूळ होतो. माझ्याकडे साधा मिग वेल्डर आहे आणि तापमान सांभाळण्याची खात्रीची सोय नाही. अर्धवट काळजी घेऊन जोडलेल्या क्रोमोलीपेक्षा नीट जोडलेली डीओएम मला जास्त भरवशाची वाटते.

एक सूचना येथेच करून ठेवतो, कारण माझ्याकडून हीच चूक होता होता राहिली. पाइप आणि नळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ४० एनबीचा (एनबी म्हणजे नाममात्र आतला व्यास) पाइप मोजला तर बाहेरून ४८.३ मिमी भरतो, कारण पाइपचे नाव बाहेरच्या व्यासावरून पडत नाही. पाणी आणि वाफ वाहून नेण्यासाठी बनलेल्या पाइपचे यील्डही साधारण २४० मेगापास्कलच असते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप तर वेल्ड करूच नये, त्याचा धूर आजारी पाडतो.

वरच्या लिंकबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. त्या खडकांपासून दूर असतात, त्यांच्यावर मुख्यतः ओढ येते, आणि ७५० मिमी लांबीला ३८ × ५ ची डीओएम नळी भरपूर आहे.

नळ्या आल्यावर प्रत्येकीची जाडी टोकाला चार ठिकाणी व्हर्नियरने मोजली आणि आत बोट फिरवून पाहिले. जुन्या ईआरडब्ल्यूच्या उरलेल्या तुकड्यात शिवणीचा उंचवटा नखाला अडतो. डीओएममध्ये बोट विनाअडथळा फिरते. याचा प्रत्यक्ष उपयोग बंग बसवताना झाला. टोकात बसवायचे, आतून आटे पाडलेले हे पोलादी बंग ३८ मिमीला किंचित कमी ठेवून लेथवर करून घेतले होते आणि ते हाताच्या दाबाने सरकत आत गेले. नळीच्या कडेला उतार घासून गोल वेल्ड केला, शिवाय प्रत्येक टोकाला चार छिद्रे पाडून ती वेल्डने भरली. दोन्ही टोके बंद होत असताना शेवटचा इंचभर वेल्ड आतल्या तापलेल्या हवेने फुगून बाहेर उडतो, म्हणून एक बारीक छिद्र अखेरपर्यंत उघडे ठेवून नळी पूर्ण निवल्यावरच बुजवले.

थंड ओढाईने आलेला कडकपणा वेल्डच्या उष्णतेने आसपास कमी होतो, ही शंका रास्त आहे. परंतु खडकामुळे येणारा आघूर्ण मध्यावर सर्वांत जास्त आणि फिरत्या टोकांपाशी जवळपास शून्य असतो, त्यामुळे टोकाचे वेल्ड वाकण्याच्या दृष्टीने सर्वांत निवांत जागी बसतात. याच कारणाने खालच्या लिंकच्या मधल्या भागावर शॉक ॲब्सॉर्बरचा ब्रॅकेट किंवा मजबुतीची म्हणून पट्टी वेल्ड करू नये, असे माझे ठाम मत आहे.

स्टिअरिंगचा विचार वेगळा करावा लागला. माझा टाय रॉड, म्हणजे वळणारी दोन्ही चाके एकमेकांना जोडणारा दांडा, १२०० मिमी लांब आहे आणि तो पुष्कळदा दाबाखाली असतो, म्हणून इथे बकलिंगला महत्त्व येते. ३२ × ६ च्या सरळ नळीची मर्यादा सुमारे ६१ किलोन्यूटन येते, आणि लांब, सडपातळ नळीत ही मर्यादा व्यास व लांबीवरच ठरते, पोलादाच्या प्रतीवर नाही. मात्र डिफरन्शियलच्या झाकणाला चुकवण्यासाठी रॉडला ४० मिमीचा बाक दिला, तर ३० किलोन्यूटन दाबाला १२०० न्यूटन-मीटर आघूर्ण उभा राहतो आणि ताण ४४० मेगापास्कलपर्यंत चढतो. सरळ रॉड जिथे अर्ध्या मर्यादेवर असतो, तिथे बाक दिलेला रॉड यील्डच्या उंबरठ्यावर येतो. म्हणून रॉड वाकवण्याऐवजी मी तो नकलवरच्या (चाक ज्यावर वळते त्या भागावरच्या) आर्मच्या वरच्या बाजूला नेला. तिथे झाकणही आड येत नाही आणि खडकही सहसा पोचत नाही.

स्टिअरिंगच्या कुठल्याही भागावर स्वतः वेल्ड करायचा नाही, हा माझा नियम आहे. लिंकचा वेल्ड सुटला तर ॲक्सल तिरका होतो, पण इतर तीन लिंक तो धरून ठेवण्याची शक्यता असते. टाय रॉडचा वेल्ड सुटला तर चाके दोन दिशांना जातात आणि चालकाच्या हाती काही उरत नाही. म्हणून ६ मिमी जाडी निवडली: आतला व्यास २० मिमी, तो २०.५ पर्यंत वाढवला की २२ × १.५ चे आटे थेट नळीत पाडता येतात आणि आट्यांबाहेर ५ मिमी पोलाद शिल्लक राहते. एका टोकाला सरळ, दुसऱ्या टोकाला उलटे आटे असले की नळी फिरवून चाकांचे टो, म्हणजे ती पुढे आतबाहेर किती झुकलेली आहेत ते, जुळवता येते. रॉड एंडवर ३३ मिमी अंतरावर पांढरी रेघ ओढली आहे; ही रेघ नळीबाहेर दिसली तर आटे पुरेसे आत गेलेले नाहीत असे समजायचे आणि चेक नट (आटे जागी पक्के करणारा नट) आवळायचा नाही.

सध्या दोन्ही खालच्या लिंक गाडीवर चढल्या आहेत. स्प्रिंग काढून ॲक्सल एका बाजूने पूर्ण वर आणि दुसऱ्या बाजूने पूर्ण खाली नेऊन पाहिला. डावा रॉड एंड शेवटच्या थोड्या प्रवासात ब्रॅकेटच्या कडेला टेकतो, त्यामुळे तिथे ४ मिमी घासावे लागणार आहे, नाहीतर दांड्यावर वाकवणारा भार येऊन तो आट्यांपाशीच तुटेल. टाय रॉडला सरळ आटे लेथवर पाडून झाले आहेत. उलट्या आट्यांचा टॅप अजून मिळालेला नाही, तोवर नळी दोन्ही टोकांना तेल लावून, चिंधीचे बोळे कोंबून फळीवर ठेवली आहे.