जुनी जीप नावावर करताना: माझा अनुभव

जीप घ्यायची तर उंच बॉनेटचीच, हे माझं फार आधीपासून ठरलेलं होतं. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज या अमेरिकन कंपनीच्या जीप आपल्याकडे जोडायला सुरुवात केली. पुढे आलेलं सीजे-३बी हे मॉडेल इतकं मुरलं की अमेरिकेत १९६८ ला ते बंद झालं तरी आपल्या रस्त्यांवर नवीकोरी सीजे-३बी येतच राहिली. तिचं हरिकेन इंजिन पेट्रोलवर चालणारं, चार सिलिंडरचं, २,१९९ सीसीचं. त्याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये बसवले, त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याला जागा करून देण्यासाठी बॉनेट वर उचललं गेलं. लहानपणी वडिलांबरोबर धरणाच्या कामावर गेलो की तिथल्या अशाच एका जीपच्या मागच्या बाकावर बसून असायचो. तेव्हापासून तो आवाज डोक्यात आहे.

मात्र मला ती रस्त्यावर काढायची होती, स्वतःच्या नावावर, सगळे कागद सरळ असलेली. डिसेंबर २०२२ मध्ये शोध सुरू केला आणि कागद हातात येईपर्यंत पुरतं एक वर्ष गेलं.

पहिली जीप पाहिली ती दिसायला देखणी होती. रुंद टायर, नवा रंग, पुढे विंच (अडकलेली गाडी दोराने ओढायचं यंत्र). आरसीवर इंधन पेट्रोल लिहिलेलं आणि बॉनेट उघडलं तर आत डिझेल इंजिन. विकणारा म्हणाला, "सगळ्यांच्याच अशा असतात साहेब." सगळ्यांच्या असतात हे खरंच आहे. पेट्रोल परवडेना म्हणून लोकांनी वर्षानुवर्षं जीपमध्ये डिझेल इंजिनं बसवली. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी आणि नंतर आरसीवर नोंद हवी. या जीपची नोंद नव्हती. मग चॅसिस नंबर पाहायला खाली वाकलो, तर तो नंबर वेगळ्या पत्र्यावर ठोकून पत्रा चॅसिसला वेल्डिंगने चिकटवलेला. मी चहाही न घेता निघालो.

उत्तरेत, हरियाणातल्या मंडी डबवालीला जुन्या सुट्या भागांतून जीप उभी करणारे कारागीर आहेत आणि त्यांच्या हातात कसब आहे, हे मी मनापासून मानतो. पण गाडी कितीही सुरेख जुळलेली असो, लोखंडावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर एकाच गाडीचे नसतील तर ती विकत घेऊ नये. किंमत निम्मी केली तरी घेऊ नये.

दुसरी दिल्लीहून आलेली एमएम ५४० होती, महिंद्राचीच डिझेल जीप. तेव्हा दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांना सरसकट बंदी होती, त्यामुळे तिकडच्या जुन्या गाड्या एनओसी (ना हरकत दाखला) घेऊन इतर राज्यांत स्वस्तात विकल्या जायच्या. हिची एनओसी भलत्याच जिल्ह्याच्या आरटीओच्या नावाने काढलेली होती, आणि नव्याने काढून द्यायला विकणारा तयार नव्हता. विषय तिथेच संपला.

तिसरी मला सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका गावात मिळाली. एका शेतकरी कुटुंबाची, १९७१ ची सीजे-३बी, पहिल्यापासून एकाच घरात. घरच्या काकांना जाऊन चार वर्षं झाली होती. त्यानंतर ती गोठ्याशेजारच्या पडवीत ताडपत्रीखाली उभी होती. काकूंनी ट्रंकेतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली आरसीची पुस्तिका काढली. शाईने हाताने भरलेली, कडा विरलेली, तीन अक्षरी जुना नंबर असलेली. सातबाऱ्याच्या उताऱ्यांबरोबर ती इतकी वर्षं जपून ठेवली होती.

माझ्याबरोबर आमचे मिस्त्री होते, आयुष्यभर जीपच दुरुस्त करत आलेले. त्यांनी इंजिन सुरू करायचं नावही काढलं नाही. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि तारेचा ब्रश घेऊन ते पुढच्या बंपरमागे शिरले. चॅसिसच्या पट्टीवर ग्रीस, धूळ आणि रंगाचे तीन थर होते. ब्रश जपून मारायचा, कारण जोरात घासला तर ठोकलेले आकडेही झिजतात. पाऊण तासाने अंक दिसू लागले. मग त्यावर पातळ कागद धरून त्यांनी शिसपेन्सिल आडवी फिरवली. काळपट कागदावर एकेक आकडा पांढरा उमटत गेला आणि मी पुस्तिकेतला आकडा मोठ्याने वाचत गेलो. इंजिन नंबर वॉटर पंपाच्या वरच्या बाजूला, ब्लॉकच्या पुढच्या भागावर होता. तोही तसाच उतरवला. दोन्ही जुळले. मिस्त्री म्हणाले, "दादा, आता गाडी बघू."

गाडी पाहताना ब्रेक गेलेले, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, पेट्रोलची टाकी आतून गंजलेली निघाली. ते सगळं दुरुस्त होण्यासारखं होतं. फोर बाय फोर शाबूत आहे का हे पाहण्याची मिस्त्रींची पद्धत मला फार आवडली. पुढचं एक चाक जॅकवर उचललं, गाडी गिअरमध्ये टाकली, ट्रान्स्फर केसचा (इंजिनाचा जोर पुढच्या-मागच्या अॅक्सलला वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर टाकून पुढचा अॅक्सल जोडला आणि उचललेलं चाक हाताने फिरवून पाहिलं. हललं नाही, म्हणजे जोर पुढच्या अॅक्सलपर्यंत पोचतोय. लिव्हर सोडवला, चाक मोकळं फिरलं. पुष्कळ जुन्या जीपमध्ये आतले शाफ्टच काढून टाकलेले असतात आणि लिव्हर नुसता शोभेला उरतो, म्हणून हे जरूर पाहावं.

इसार दिला आणि कागदांच्या मागे लागलो.

इथे पहिला मोठा धडा मिळाला. काका हयात नाहीत, म्हणजे गाडी थेट माझ्या नावावर होऊ शकत नव्हती. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करायची, मग फॉर्म २९ आणि ३० वर वारसाने मला विकायची. काकूंचं नाव लावायचं ठरलं. मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, मुलाची आणि दोन्ही मुलींची स्टॅम्प पेपरवर हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं. धाकटी ताई लांब राहत होती, तिच्या सहीसाठी तीन आठवडे थांबलो. तो काळ मला जड गेला नाही. ज्या घरात ती जीप बावन्न वर्षं होती, त्या घरातल्या प्रत्येकाने आपल्या हाताने 'हो' लिहून देणं मला योग्यच वाटलं.

वाहन पोर्टलवर नंबर टाकला तर नोंदच सापडेना. इतक्या जुन्या गाड्यांची माहिती कित्येकदा फक्त कार्यालयातल्या रजिस्टरमध्ये असते. ती संगणकावर चढवण्याला सगळे 'बॅकलॉग' म्हणतात. अर्ज दिला, जुनं रजिस्टर निघालं, नोंद चढली. घरी येऊन पोर्टल उघडलं आणि पोटात गोळा आला. चॅसिस नंबरमधल्या ७ च्या जागी १ पडला होता.

चूक कोणी जाणूनबुजून केली नव्हती. १९७१ मध्ये रजिस्टर लिहिणाऱ्याचा ७ चा वरचा दांडा इतका आखूड होता की तो १ च वाटावा. पण आता सरकारी नोंदीप्रमाणे माझ्या जीपचा नंबर तिच्या लोखंडावरच्या नंबरशी जुळत नव्हता. पहिल्या जीपला मी ज्या कारणाने नकार दिला होता, नेमकं तेच. दुरुस्तीच्या अर्जाला सात आठवडे लागले. आधी टेबलावर टेबल, मग 'गाडी आणून दाखवा'. शेवटी ती पेन्सिलीची छाप, जुनी पुस्तिका आणि नंबर स्पष्ट दिसेल असा फोटो एकत्र जोडून पुन्हा दिलं. अधिकाऱ्यांनी छाप भिंगाखाली धरून पाहिली आणि तिथेच शेरा मारला. त्या दिवशी मिस्त्रींना फोन केला तेव्हा माझा आवाज भरून आला होता.

दरम्यान गॅरेजमध्ये काम चालू होतं. नोंदणीची मुदत केव्हाच संपलेली असल्याने जीप चालवत कुठेही नेली नाही, टेम्पोवर चढवूनच नेली. हे आवर्जून लिहितो, कारण 'दहा किलोमीटर तर आहे' म्हणून लोक चालवत नेतात आणि अपघात झाला तर विमा नसतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, त्यानंतर दर वेळी ५ वर्षांसाठी नूतनीकरण. त्यासाठी फॉर्म २५, पीयूसी, चालू विमा, पर्यावरण कर आणि प्रत्यक्ष तपासणी. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालेलं होतं, शिवाय इतक्या वर्षांच्या उशिराचा दंड. पीयूसीची मला धास्ती होती. इतक्या जुन्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्क्यांची आहे. मिस्त्रींनी कार्बोरेटर तीनदा उघडून जेट साफ केले, तेव्हा कुठे आकडा आत आला.

याच टप्प्यावर एक निर्णय घ्यावा लागला. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि नव्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. माझी जीप त्यात बसत होती. ओळखीच्या अनेकांनी तेच कर म्हणून सांगितलं. पण त्या नोंदणीवर गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणं आणि देखभाल एवढ्याचसाठी रस्त्यावर आणता येते. ज्याला गाडी जपून ठेवायची आणि वर्षातून दोनदा रॅलीला न्यायची आहे त्याच्यासाठी ती सोय उत्तम आहे. मला मात्र पावसाळ्यानंतर मावळातल्या कच्च्या वाटांवर, शनिवारी सकाळी मनात आलं की निघायचं होतं. म्हणून साध्या नूतनीकरणाचाच रस्ता धरला. गाडीचा वापर कसा करणार हे आधी ठरवावं आणि मगच फॉर्म उचलावा, असं मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगतो.

तपासणीच्या दिवशी इन्स्पेक्टर साहेबांनी दिवे, हॉर्न, वायपर, रिफ्लेक्टर पाहिले आणि हँडब्रेक ओढून गाडी ढकलायला सांगितली. मग मागच्या चाकांशी वाकून त्यांनी विचारलं की हँडब्रेकची केबल कुठे आहे. या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतोच, ट्रान्स्फर केसच्या मागच्या बाजूला, शाफ्टवरच्या ड्रमवर असतो. मिस्त्रींनी खाली पडून तो दाखवला. साहेबही अंगातल्या पांढऱ्या शर्टाची पर्वा न करता खाली बसले आणि पाच मिनिटं नीट समजून घेत राहिले. पासिंग झालं.

पुढचं सगळं सरळ गेलं. काकूंच्या नावाची आरसी आली, त्यांच्याकडून फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, माझा जिल्हा वेगळा म्हणून फॉर्म २८ वर एनओसी, आणि डिसेंबर २०२३ मध्ये माझ्या नावाचं कार्ड हातात. गाडी राज्याबाहेर गेली नसल्यामुळे तीन अक्षरी जुना नंबर कायम राहिला. मला याचा आनंद जीप मिळाल्याच्या आनंदाइतकाच झाला.

यानंतर दोन गोष्टी बदलल्या, त्या सांगायला हव्यात. महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबर पाटी (एचएसआरपी) सक्तीची झाली. आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या मोटारींच्या नूतनीकरणाचं शुल्क १०,००० रुपये केलं आहे. माझी पुढची तारीख २०२८ ची आहे, त्या हिशेबाने आत्तापासून पैसे बाजूला टाकतो.

नवी पाटी बसवली तेव्हा काकांनी पेंटरकडून रंगवून घेतलेली जुनी पाटी उतरवावी लागली. ती घेऊन जीपनेच गावी गेलो. काकूंनी पदराने तिच्यावरची धूळ पुसली आणि मुलाला हाक मारली, "अरे, एक खिळा आण." आता ती पडवीच्या खांबावर आहे.