स्लिंगशॉट ड्रॅगस्टरची चॅसी पितळी सळयांतून

१९६०च्या दशकातील अमेरिकी ‘स्लिंगशॉट’ ड्रॅगस्टरवर (सरळ, छोट्या पट्ट्यावरच्या वेगाच्या शर्यतीसाठी बनवलेल्या गाडीवर) पत्रा इतका थोडा असे की चॅसीची, म्हणजे सांगाड्याची, बहुतेक प्रत्येक नळी उघड्यावर दिसते. त्यामुळे या गाडीचे मॉडेल करायचे तर चॅसी स्वतःच घडवावी, असे माझे ठाम मत आहे. किटमधील प्लॅस्टिकच्या नळ्या बहुधा जाड असतात आणि त्यांवरची साच्याची शिवण खरवडताना गोलाई बिघडते.

१:२५ या प्रमाणात मापे सोपी होतात. खऱ्या गाडीचा एक इंच मॉडेलवर १.०१६ मिलिमीटर, म्हणजे व्यवहारात एक मिलिमीटरच भरतो. दीड इंची पोलादी नळीसाठी दीड मिलिमीटरची पितळी सळई पुरते आणि २०० इंचांचा व्हीलबेस (पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर) सुमारे २०३ मिलिमीटर होतो. मी भरीव सळई घेतो, कारण रोल केजच्या (चालकाभोवतीच्या संरक्षक पिंजऱ्याच्या) आवळ वळणावर ती चेपत नाही. आधी लालसर तापवून थंड होऊ दिली की हातानेही वळते.

मॉडेलच्या मापाचे रेखाचित्र फळीवर चिकटवून दोन्ही बाजू त्याच एका चित्रावर टाचण्यांच्या आधाराने जोडाव्यात, म्हणजे त्या तंतोतंत सारख्या उतरतात. आडव्या सळईचे टोक गोल कानशीने असे घासावे की ते उभ्या सळईला घट्ट बिलगेल. फट डाखाने (सोल्डरने) भरून काढली तर सांधा कच्चाही राहतो आणि ओबडधोबडही दिसतो. शेजारचा सांधा उष्णतेने सुटू नये म्हणून त्यावर ओला कापूस गुंडाळावा, आणि उरलेला डाख निगुतीने घासून काढावा, कारण खऱ्या वेल्डिंगची पाव इंची रेघ इथे पाव मिलिमीटरची असते.

या गाड्यांचा मागचा आस स्प्रिंगांशिवाय थेट चॅसीला पक्का केलेला असे. त्यामुळे आसाच्या पट्ट्या किंचित जरी तिरक्या बसल्या, तरी पुढचे एक चाक अधांतरी राहते. काचेवर ठेवून तपासल्याशिवाय त्या पक्क्या करू नयेत.

सर्वांत कठीण भाग चालकाच्या जागेचा. चालक मागच्या आसाच्या मागे, पाय त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे टाकून बसे आणि त्याची पावले थेट क्लच व गिअरबॉक्सपाशी येत. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर ड्रॅगस्टर चालक डॉन गार्लिट्स यांच्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. पुढच्या वर्षी ते इंजिन चालकाच्या मागे असलेली गाडी घेऊन परतले आणि जिंकले. चालकाच्या जागेची ही अडचण मॉडेलवरही जशीच्या तशी दिसली पाहिजे. किटमधील आसन आत मावत नसेल तर आसन कापावे, नळ्यांमधले अंतर वाढवू नये.