रॉकच्या खणातली सीडी

दक्षिण कॅलिफोर्नियातील एका सार्वजनिक ग्रंथालयात मी तालिकाकार म्हणून काम करतो. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची आणि सीडीची नोंद करायची आणि तिची जागा ठरवायची, हे ते काम. संगणकावरील नोंदीत एका सीडीला हवे तितके विषय जोडता येतात. अडचण येते ती खणापाशी, कारण वस्तू एकाच खणात राहू शकते आणि तिच्या कडेवर एकच रंगीत पट्टी बसते. लाँग बीचच्या ‘सब्लाइम’ या बँडची, त्याच नावाची, १९९६ सालची सीडी आमच्याकडे कित्येक वर्षे रॉकच्या खणात होती. ती तिथे का, असे मला कोणी विचारले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मीही स्वतःला विचारले नव्हते.

एका मंगळवारी दुपारी महाविद्यालयात शिकणारी एक मुलगी ती सीडी घेऊन माझ्या टेबलाशी आली. या बँडचे समीक्षकांनी कसे स्वागत केले, यावर तिला निबंध लिहायचा होता. या बँडच्या गाण्यांत रॉकबरोबर स्का आणि रेगे हे जमैकाचे संगीतप्रकारही आहेत; तिचे आईवडील मूळचे जमैकाचे, त्यामुळे पहिला प्रश्न रॉकच्या पट्टीवरूनच निघाला. दुसरी मागणी अधिक नेमकी होती: गायक जिवंत असताना छापून आलेली परीक्षणे तिला हवी होती.

ही मागणी ऐकायला साधी वाटते. गायक ब्रॅडली नॉवेल, बास गिटार वाजवणारा एरिक विल्सन आणि ड्रमवादक बड गॉ या तिघांनी १९८८ मध्ये बँड सुरू केला आणि १९९२ चा पहिला अल्बम ‘स्कंक रेकॉर्ड्स’ या घरच्याच लेबलवर काढून कार्यक्रमांच्या ठिकाणी गाडीच्या डिकीतून विकला. लॉस एंजेलिसच्या ‘केआरओक्यू’ या रेडिओ केंद्राने त्यातले एक गाणे लावून धरले ते १९९५ मध्ये. पुढच्याच वर्षी, २५ मे रोजी, नॉवेल सॅन फ्रान्सिस्कोतील एका मोटेलमध्ये हेरॉइनच्या अतिमात्रेने गेला. तेव्हा तो २८ वर्षांचा होता. ज्या अल्बमने बँडला देशभर ओळख दिली, तो बाजारात आला ३० जुलैला. म्हणजे या अल्बमवर जे काही लिहिले गेले, ते सगळे अंत्यसंस्कारानंतरचे.

जुन्या मासिकांचे बांधीव खंड आणि मायक्रोफिल्म यांत आम्ही दोन तास घालवले. आमच्या संग्रहात मेपूर्वीचे जे सापडले, ते बहुतेक आज रात्री कुठे कोण वाजवणार याच्या यादीतल्या एका ओळीपुरते होते. नंतरचा मजकूर मात्र भरपूर होता आणि तो एकामागोमाग वाचताना मला अस्वस्थ वाटू लागले. परीक्षण कुठे संपते आणि मृत्युलेख कुठे सुरू होतो, हेच कळेना. एरवी जी ओळ बेफिकीर म्हणून सोडून दिली गेली असती, तिच्यात आता पूर्वसूचना दिसू लागली होती. गायक जिवंत असताना हेच लोक हीच गाणी ऐकून काय म्हणाले असते, याचा पुरावा आमच्याकडे नव्हता.

दुसरी गोष्ट म्हणजे ‘मिश्रण’ हा शब्द. तो जवळजवळ प्रत्येक कात्रणात होता, पण मिश्रण कसे केले आहे, हे सांगण्याच्या भानगडीत फारसे कोणी पडलेले नव्हते. स्कामध्ये गिटारचा झटका मुख्य ठोक्यावर न पडता दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत पडतो. रेगेमध्ये हीच चाल संथ होते आणि गाण्याचे सुकाणू बासकडे जाते. हे तिघे त्या चालीत रमलेले असताना अचानक पंकच्या वेगात उडी मारतात, किंवा हिप-हॉपच्या रीतीने दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणाचा तुकडा फिरवत ठेवतात, जसा ‘डुइन टाइम’मध्ये बासरीवादक हर्बी मान याने वाजवलेला, संगीतकार गर्श्विनच्या ‘समरटाइम’ या गाण्याचा तुकडा. माझ्या मते ते काही मिसळत नाहीत. गोष्टी शेजारी शेजारी ठेवतात आणि विल्सनच्या बासने बांधून घेतात.

मुलीचा आक्षेप वेगळा होता. कॅलिफोर्नियाच्या गोऱ्या मुलाने जमैकन उच्चारांत गावे, याबद्दल ही कात्रणे गप्प का आहेत? मी १९९२ चा अल्बम काढून दाखवला: त्यात टूट्स अँड द मेटाल्स या जमैकन बँडचे गाणे उघडपणे गायले आहे आणि केआरएस-वन या रॅपरच्या नावाचेच एक गाणे आहे. तिने उलट १९९६ च्या सीडीतल्या ‘व्हॉट आय गॉट’च्या गीतकारांमधल्या लिंडन रॉबर्ट्स या नावाचा विषय काढला. हाफ पाइंट या नावाने गाणाऱ्या या जमैकन गायकाच्या गाण्यावरून त्यातला एक भाग घेतलेला आहे. “ऋण मान्य केले आहे, पण फक्त ज्याला आधीच माहीत आहे त्याला ते दिसते,” असे ती म्हणाली. हे मला खोडून काढता आले नाही. बारा वर्षांच्या मुलीला वेश्याव्यवसायात ढकलल्याची कथा नाचऱ्या चालीवर सांगणाऱ्या गाण्यावरही आमचे एकमत झाले नाही. तिला तो उल्हास असह्य वाटला. मला वाटते, त्यातला निवेदक स्वतःच स्वच्छ हाताचा नाही आणि चाल ते लपवत नाही. पण हे कोणाला पटवायला मी गेलो नाही.

खरा धक्का शेवटी बसला. हेडफोन लावून ऐकता ऐकता तिने विचारले, “नावात २९ एप्रिल आहे, मग हा २६ का म्हणतो?” रॉडनी किंग या कृष्णवर्णीय मोटारचालकाला मारहाण केल्याच्या खटल्यातून पोलिसांची सुटका झाल्यावर लॉस एंजेलिसमध्ये दंगल उसळली ती २९ एप्रिल १९९२ ला, आणि तिची झळ लाँग बीचलाही बसली. त्या लुटीवरच्या गाण्याच्या शीर्षकात तारीख बरोबर आहे, पण तोंडी २६ आहे. गाण्यांची नावे मीच टंकली होती, आणि मी ते गाणे कधी नीट ऐकलेच नव्हते.

मी पुन्हा तीनदा ऐकले. मग मुलगी ती सीडी स्वतःच्या नावावर घेऊन गेली. ग्रंथालय बंद होण्याआधी मी नोंद उघडली. विषयांत रेगे, स्का, रॅप आणि रॉक हे चौघेही आधीपासून होते. पट्टी बदलायची तर मुख्य शाखेला अर्ज करावा लागतो, तो मी केला नाही. टिपेच्या रकान्यात मात्र एक ओळ घातली: ‘शीर्षकात २९ एप्रिल, गायनात २६ एप्रिल.’