टेलच्या शेतातून: पाणी वापर संस्थेची अध्यक्ष होताना

आमच्या लघुवितरिकेवरच्या, म्हणजे कालव्यातून शेतांकडे येणाऱ्या छोट्या फाट्यावरच्या (आम्ही त्याला चारी म्हणतो) पाणी वापर संस्थेत अध्यक्षपद फिरतं असतं. संचालक मंडळात हेड (चारीचं तोंड), मिडल (मधला भाग) आणि टेल (शेवटचं टोक) या तिन्ही भागांतून सारखे संचालक, बायकांसाठी राखीव जागा, आणि अध्यक्षपदाचा मान आळीपाळीने तिन्ही भागांना. टेलची पाळी आली आणि माझं नाव निघालं. आमचं शेत चारीच्या अगदी शेवटच्या आउटलेटवर, म्हणजे शेतात पाणी सोडायच्या दारावर आहे. लग्न होऊन या गावात आल्यापासून कालव्याचं पाणी म्हणजे रात्रीचं जागरण, बांधावरची भांडणं आणि उरलंसुरलं ते आमचं, एवढंच पाहिलेलं. त्यामुळे मी हो म्हटलं ते अगदी मनापासून.

पाणी वापर संस्था हे सरकारी कार्यालय नाही, ती शेतकऱ्यांच्या मालकीची संस्था आहे. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, 2005 या कायद्यानं ती उभी राहते. जलसंपदा विभाग संस्थेच्या दारात, म्हणजे लघुवितरिकेच्या मुखाशी, पाणी मोजून देतो. तिथून पुढे ते कोणाला, कधी, किती वेळ द्यायचं, पाणीपट्टी किती लावायची, चारीतला गाळ कधी काढायचा, दारं उघडझाप करणाऱ्या पाटकऱ्याचा पगार कुठून द्यायचा, हे सगळं आपलं आपण पाहायचं. पूर्वी सात नंबरचा फॉर्म भरून पीक आणि क्षेत्र सांगायचं, त्यावर पट्टी लागायची. आता संस्थेला घनमापावर, म्हणजे घनमीटरमध्ये मोजून पाणी मिळतं आणि त्यात पीक कोणतं घ्यायचं ते शेतकरी ठरवतो. तेव्हा अध्यक्ष म्हणजे सत्कार स्वीकारणारी व्यक्ती नव्हे. गावाच्या मालकीचा पाणीपुरवठा तिला चालवायचा असतो.

आमच्या सचिवांनी सुचवलं, वाल्मीचं प्रशिक्षण करून या. वाल्मी म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, 1980 मध्ये औरंगाबादला, आताच्या छत्रपती संभाजीनगरला सुरू झालेली. तिथे पाटबंधारे खात्याचे अभियंते शिकतात, तसेच संस्थांचे पदाधिकारीही. घरी कांद्याची लागवड तोंडावर होती. सासूबाई म्हणाल्या, "जा तू, रोपं काही पळून जात नाहीत." जाऊबाईंनी मजुरांचं पाहिलं आणि मी निघाले.

वेळापत्रकात पहिल्याच ओळीत "नेतृत्व विकास" असं होतं. सरांनी मात्र भाषण न करता एक प्रश्न विचारला: गेल्या रब्बीत तुमच्या संस्थेला किती पाणी मिळालं? वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेले अध्यक्ष, सचिव, संचालक बसले होते. कोणी म्हणालं बारा दिवस, कोणी म्हणालं दोन पाळ्या, कोणी म्हणालं चारी तुडुंब होती. आकडा एकाचाही नाही. सर म्हणाले, दुकानदाराला माल किती आला हे माहीत नसेल तर तो विकणार काय? नेतृत्वाचा पहिला धडा तिथेच सुरू झाला. पुढचे कितीतरी तास आम्ही पाणी मोजण्यातच घालवले आणि मला वाटतं ते योग्यच होतं.

मोजमापाचं प्रात्यक्षिक मी कधी विसरणार नाही. चारीच्या मुखाशी सिमेंटचा एक अरुंद गळा बांधलेला असतो, स्टँडिंग वेव्ह फ्लूम. गळ्याच्या वरच्या अंगाला भिंतीवर मोजपट्टी असते. पट्टीवर शेवाळ होतं, ते आधी घासून काढायला लावलं. मग शून्य कुठे आहे ते तपासायला लावलं, कारण शून्याची खूणच खालीवर असेल तर पुढची सगळी वाचनं खोटी. त्यानंतर पाण्याची उंची वाचायची आणि तक्त्यात पाहायचं, इतक्या उंचीला इतके क्युसेक. इथे एक गोष्ट आम्हा सगळ्यांना नवी होती. फ्लूममध्ये पाण्याची उंची दुप्पट झाली तर पाणी दुप्पट होत नाही, सुमारे 2.8 पट होतं. म्हणजे पट्टीवर दोन बोटं कमी दिसली आणि "चालायचंच" म्हणून सोडून दिलं, तर टेलचं कितीतरी पाणी आपण कागदावरच घालवलं. शिवाय गळ्याच्या खाली कोणी दगड टाकून पाणी तुंबवलं तर पट्टीवर उंची भरपूर दिसते, प्रत्यक्षात प्रवाह मंदावलेला असतो. म्हणून पट्टी वाचण्याआधी खालच्या बाजूला नजर टाकायची, हेही तिथेच कळलं.

मग हिशेब. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर. तासभर चाललं की साधारण 1 लाख लिटर, दिवसरात्र चाललं की सुमारे 2,450 घनमीटर. सरांनी उदाहरण दिलं: आउटलेटवर एक क्युसेक पाणी, त्याखाली 24 हेक्टर, आणि पाळी सात दिवसांची. सात दिवसांचे तास 168. म्हणजे हेक्टरी 7 तास, एकरी 2 तास 50 मिनिटं. तेवढ्यात रानात सरासरी सात सेंटिमीटर पाणी उभं राहतं, गळती सोडून. गहू-हरभऱ्याला एका पाळीत ते पुरतं. चारी कोरडी असताना ती भरायला लागणारा वेळ सगळ्यांच्या तासांतून आधी वजा करायचा, नाहीतर तो पहिल्या पाणी घेणाऱ्याच्या नाहीतर शेवटच्याच्या माथी बसतो. माझ्या शेजारी निफाडकडचे एक काका बसले होते. त्यांनी वहीत हे गणित तीनदा मांडलं आणि म्हणाले, "ताई, एवढ्या वर्षांत कोणी असं मांडून दाखवलं नव्हतं."

प्रशिक्षणात वाघाडची भेट होती. नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात कोळवण नदीवर वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या टोकाला, ओझरच्या बाजूला, पाणी पोचतच नव्हतं. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रातर्फे तिथल्या शेतकऱ्यांना एकत्र केलं आणि 1991 च्या सुमारास बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर या तीन संस्था उभ्या राहिल्या. तेव्हा 2005 चा कायदा नव्हता, संस्था सहकार कायद्याखाली नोंदवल्या गेल्या. हळूहळू कालव्यावर 24 संस्था झाल्या आणि 2003 मध्ये सगळ्या प्रकल्पाची मिळून एक प्रकल्पस्तरीय संस्था झाली, राज्यातली पहिली. शेवटच्या टोकाच्या लोकांनी सुरुवात केली आणि ती वर धरणापर्यंत गेली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. पाणी ज्याच्यापर्यंत पोचत नाही त्यालाच मोजण्याची सगळ्यात जास्त गरज असते. तिथे ऑक्टोबरमध्ये धरणात किती साठा आहे ते पाहून रब्बीचं आणि उन्हाळ्याचं पाणी आधीच वाटून घेतात. साठा कमी असेल तर कमतरता सगळ्यांनी सारखी सोसायची. द्राक्षबागांना ठिबक आलं तेही पाणी मोजून मिळू लागल्यावर, कारण वाचवलेलं पाणी आपलंच राहतं.

परत वर्गात आल्यावर सभेचा सराव घेतला. नाटकासारखं, प्रत्येकाला एक भूमिका. मला हेडच्या शेतकऱ्याची दिली, ठरलेल्या तासांपेक्षा जास्त पाणी घेणाऱ्याची. आणि माझी बाजू मांडायला सांगितली. मी टेलची, आयुष्यभर हेडवाल्यांवर चिडलेली. पण बाजू मांडता मांडता तोंडातून आलं, "पुढची पाळी कधी येईल याचा भरवसा कोण देणार? म्हणून हाताशी आहे तोवर भरून घेतो." वर्ग शांत झाला. सरांनी फळ्यावर एवढंच लिहिलं: तारीख. हेडचा माणूस हावरा असतो असं आपण धरून चालतो. खरं तर तो भ्यालेला असतो. पाळीपत्रक छापून, गावात लावून, त्या तारखेला त्या तासाला पाणी आलंच, असं दोनचार वेळा घडलं की तो आपणहून दार सोडतो. माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचं सार त्यात होतं. बाकी हिशेब, दप्तर, लेखापरीक्षण, सभेची नोटीस हे सगळं आवश्यकच, पण ते सचिवांकडून शिकता येतं.

गावी आले आणि आधी संयुक्त पाहणी मागितली. खात्याचे शाखा अभियंता, कालवा निरीक्षक आणि आमचे संचालक, असे आम्ही चारीवरून मुखापासून टोकापर्यंत पायी चाललो. कुठे अस्तर निखळलंय, कुठे आउटलेटचं दार गंजलंय, कुठे बांध फोडून ओहोळ पाडलाय, सगळं वहीत लिहिलं आणि दोन्ही बाजूंच्या सह्या घेतल्या. ज्यांच्या संस्थेकडे खात्याकडून चारीचं हस्तांतरण व्हायचं आहे त्यांना मी कळकळीनं सांगते, ही पायपीट टाळू नका. गाडीतून कालवा पाहिला की फक्त पूल दिसतात. करारनाम्यावर सही करण्याआधी दुरुस्त्यांची यादी त्याला जोडलेली आहे ना, ते पाहा. फ्लूम दुरुस्त नसेल तर घनमापाचं बिल कशावर येणार, हे विचारा.

मग पाळीपत्रक. टेलपासून हेडकडे, म्हणजे आधी शेवटच्या शेताला पाणी आणि मग वर वर, हे तत्त्व कायद्याच्या माणसांना मान्य असतं, गावाला पटवावं लागतं. हेडचे एक अण्णा आहेत, वयानं आणि मानानं मोठे. त्यांच्या ओट्यावर मी आणि आमचे पाटकरी भाऊ गेलो. अण्णा म्हणाले, "वहिनी, पाणी आमच्या दारावरून जाणार आणि आम्ही बघत बसायचं?" मी त्यांच्यापुढे पत्रक ठेवलं. त्यांच्या गटाचे तास, तारीख, वार, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ. त्यांनी चष्मा लावून नीट वाचलं. विचारलं, "रात्रीची पाळी नेहमी आमचीच का?" प्रश्न रास्त होता. पाळी बरोबर सात दिवसांची असली की घड्याळ तेच राहतं, ज्याची रात्र त्याची रात्रच. म्हणून पुढच्या आवर्तनात, म्हणजे कालव्याला पुन्हा पाणी सुटेल तेव्हा, सगळ्यांच्या वेळा 12 तासांनी सरकवायच्या, असं मंडळात ठरवून तसं पत्रकावर छापलं. अण्णांनी मान डोलावली. होकार असा नव्हता, पण आडकाठीही राहिली नाही.

आवर्तन सुटलं. पट्टीचं वाचन सकाळ-संध्याकाळ कालवा निरीक्षक आणि आमचा माणूस मिळून करत, दोघांच्या सह्या. तोच आकडा ग्रामपंचायतीजवळच्या फळ्यावर खडूनं लिहायचा, हे मी लावून धरलं. आवर्तनाच्या मध्यावर एका रात्री टेलला पाणी एकदम उतरलं. मुखाचं वाचन होतं तेवढंच होतं. म्हणजे वरून कमी आलं नव्हतं, मधेच कुठेतरी जात होतं. पूर्वी असं झालं की खात्याला शिव्या घालून आम्ही झोपत असू. या वेळी दोन संचालक, पाटकरी भाऊ आणि मी बॅटऱ्या घेऊन चारीनं चालत गेलो. मिडलच्या वळणावर झुडपाआड डोंगळे टाकलेले होते, काठावरून पाईप वळवून पाणी खेचत होते. ज्याच्या रानात पाणी जात होतं तो तिथेच होता. आरडाओरडा केला नाही. त्याच्या देखत पाईप काढले, किती तास पाणी गेलं त्याचा अंदाज लिहिला, त्याची सही घेतली. दुसऱ्या दिवशी मंडळानं तेवढे तास त्याच्या पुढच्या पाळीतून कमी केले आणि टेलच्या ज्या गटांचं पाणी गेलं होतं त्यांना दिले. कायद्यात दंडाची तरतूद आहे, ती वापरावी लागली नाही. त्यानं पुढच्या पाळीचे कमी झालेले तास मुकाट्यानं घेतले, याचं कारण फळ्यावरचे आकडे गावानं रोज पाहिले होते.

त्या रब्बीत आमच्या शेवटच्या आउटलेटला पाणी पोचलं. दिवसाउजेडी. माझ्या मालकांनी आणि मी दोघांनी मिळून दारं धरली, गव्हाच्या वाफ्यात पाणी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकत गेलं आणि आमच्या शेजारच्या आत्याबाई बांधावर येऊन नुसत्या पाहत उभ्या राहिल्या.

वसुलीबद्दल थोडंच सांगते, कारण पाणी वेळेवर मिळालं की ती फारशी अवघड राहत नाही. घनमापाचा दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं, आणि तो खरिपापेक्षा रब्बीला, रब्बीपेक्षा उन्हाळ्याला जास्त असतो. संस्थेनं सभासदांना लावायची पट्टी मात्र सर्वसाधारण सभा ठरवते. आम्ही ती आवर्तनाच्या आधी घेतो, लगेच पावती देतो आणि जमाखर्च फळ्यावर लावतो. टेलच्या लोकांनी पहिल्यांदाच आपणहून येऊन पैसे भरले.

अशा प्रशिक्षणांना बहुतेक ठिकाणी अध्यक्ष आणि सचिवच जातात. माझं ठाम मत आहे की पाटकऱ्याला आधी पाठवावं. रात्री दोन वाजता दार कोणाचं उघडायचं हे तो ठरवतो, लोकांचा राग तो झेलतो, आणि पट्टी त्याला वाचता आली नाही तर अध्यक्षांचं शिक्षण कागदावर राहतं. बायकांनाही पाठवावं, आणि केवळ राखीव जागेपुरतं नव्हे. रात्रीचं पाणी अनेक घरांत बायकाच भरतात, पण सभेत त्यांच्या वेळांचा विचार होत नाही. आम्ही आता सभा दुपारी तीनला घेतो, स्वयंपाक आणि दूध या दोन्हींच्या मधल्या वेळात, आणि उपस्थिती वाढली आहे.

अध्यक्षपद आता मिडलकडे जाईल. प्रशिक्षणाच्या पुढच्या तुकडीसाठी पाटकरी भाऊ आणि मिडलच्या दोन संचालक बायकांची नावं दिली आहेत. अण्णांच्या नातवानं चारीचा नकाशा मोबाइलवर करून दिलाय, त्यात प्रत्येक आउटलेटखालचं क्षेत्र आहे. त्यातले दोन गट खातेफोड झाल्यामुळे जुळत नाहीत, ते तलाठ्यांकडून सातबारा घेऊन आवर्तनाआधी लावायचे आहेत.