घराचं अपडेट: पहिल्यांदा फसले, दुसऱ्यांदा निभावलं

घरातले दिवे, पडदे, सेन्सर एकत्र चालवणारा होम असिस्टंट हा प्रोग्राम आमच्याकडे आहे, आणि वर्षभर मी त्याला हात लावला नव्हता. दिवे लागत होते, पडदे सरकत होते, रात्री आई उठली की पॅसेजमध्ये मंद उजेड होत होता. चाललंय ना, मग कशाला छेडायचं, असा साधा हिशोब. आवृत्ती होती 2024.6, म्हणजे 2024 च्या जूनची. दर महिन्याच्या पहिल्या बुधवारी नवी आवृत्ती यायची, सूचना दिसायची आणि मी ती बाजूला सारायचे.

मे 2025 मध्ये बातमी वाचली की 32-बिट, म्हणजे जुन्या धाटणीच्या, प्रणालींचा आधार होम असिस्टंट बंद करणार, 2025.12 ही त्यांच्यासाठी शेवटची आवृत्ती. मी निर्धास्त होते, कारण माझ्याकडे होम असिस्टंट चालतो तो रास्पबेरी पाय 4 या छोट्याशा संगणकावर, म्हणजे 64-बिट यंत्र. सहज म्हणून सिस्टिमची माहिती उघडली, तर तिथे लिहिलेलं ‘एआरएमव्ही7’. यंत्र 64-बिटचं, पण कधीकाळी घाईत त्याच्या मेमरी कार्डावर टाकलेली प्रणाली 32-बिटची! मग एकदम उत्साह संचारला आणि त्याच रात्री अकरा वाजता मी ‘अपडेट’ दाबलं. एका वर्षाच्या आवृत्त्या, एका दमात.

पाच मिनिटं, दहा मिनिटं, पंचवीस मिनिटं. संगणकाचा पडदा रिकामा. आई खोलीतून म्हणाली, “अगं, बटण दाबतेय, दिवा नाही लागत.” मी म्हटलं, “थांब आई, दोन मिनिटं.” आणि पायचा प्लग ओढला.

हीच ती चूक. आत काय चाललं होतं ते नंतर कळलं. सेन्सरच्या नोंदी एका डेटाबेसमध्ये साठतात. मूळ ठेवणीत त्या 10 दिवसांच्या असतात, मी हौसेने 365 करून ठेवल्या होत्या. फाइल काही जीबींची झाली होती. आवृत्ती बदलली की या डेटाबेसची रचनाही कधी कधी बदलते आणि मोठी फाइल मेमरी कार्डावर बदलायला वेळ लागतो. यंत्र अडकलं नव्हतं, काम करत होतं. मीच त्याच्या हातातलं काम हिसकावलं.

त्यानंतर मुख्य प्रोग्राम उठेचना. सुदैवाने त्याच्यावर देखरेख करणारा सुपरवायझर हा वेगळा भाग असतो आणि तो जिवंत होता. कीबोर्ड आणि मॉनिटर जोडून, ‘एचए बॅकअप्स’च्या आज्ञेने रविवारचा पूर्ण बॅकअप परत चढवला. रात्री दीड वाजता सगळं पुन्हा 2024.6 वर आलं. मधल्या तीन दिवसांच्या नोंदी गेल्या, त्याचं काही नाही. घाम फुटला तो दुसऱ्याच विचाराने: हा बॅकअप त्याच कार्डावर होता. कार्डानेच मान टाकली असती तर तोही सोबत गेला असता. वर्षभर दर रविवारी मी घराची किल्ली घराच्या आतच ठेवून कुलूप लावत होते.

दुसऱ्या प्रयत्नाला आठवडा घेतला, आणि त्यातला बहुतेक वेळ वाचण्यात गेला. प्रत्येक महिन्याच्या आवृत्तीसोबत येणाऱ्या टिपणात जुन्याशी न जुळणाऱ्या बदलांचा वेगळा विभाग असतो. बारा महिन्यांचं सगळं वाचायला बसलं तर माणूस झोपेल, म्हणून आधी माझ्या घरात काय काय आहे ते कागदावर लिहिलं आणि प्रत्येक टिपणात तेवढीच नावं शोधली. ऑटोमेशनच्या, म्हणजे आपोआप घडणाऱ्या कामांच्या, फायलीत ‘सर्व्हिस’ऐवजी ‘ॲक्शन’ हा शब्द आला होता, पण जुना शब्दही चालत होता, म्हणून तो विषय सोडला. खरी मेख झिगबी2एमक्यूटीटीच्या 2.0 मध्ये निघाली; झिगबी या बिनतारी पद्धतीची बटणं-सेन्सर होम असिस्टंटशी जोडणारा हा प्रोग्राम. ही आवृत्ती जानेवारी 2025 मधली. बटण दाबल्याची खबर देणारा जुना ‘ॲक्शन’ सेन्सर तिथून पुढे आपोआप तयार होत नाही. आईच्या उशाशी असलेलं बटण नेमकं त्याच सेन्सरवर बेतलेलं! त्या रात्री अपडेट यशस्वी झालं असतं आणि पाठोपाठ मी झिगबीचंही उरकलं असतं, तरी दिवा लागला नसताच. अपडेट करण्याआधीच, जुन्या आवृत्तीवर असतानाच, ते ऑटोमेशन डिव्हाइस ट्रिगरवर, म्हणजे मधल्या सेन्सरऐवजी थेट बटणाच्या दाबण्यावर, हलवलं आणि चार दिवस चालवून पाहिलं.

मग डेटाबेस. दिवस परत 10 केले, जुन्या नोंदी पुसल्या आणि फाइल आटवली. रीपॅकचा, म्हणजे फाइल आटवण्याचा, पर्याय निवडला नाही तर नोंदी जातात पण फाइल तेवढीच जाडजूड राहते. दीर्घकालीन आकडेवारी वेगळी जपली जाते, त्यामुळे विजेच्या वापराचे वर्षाचे आलेख शाबूत राहिले. एवढ्यासाठीच मी 365 चा हट्ट धरला होता, तोही गैरसमजातून.

जुनं कार्ड मी पुसलंच नाही, हा माझ्या मते सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. पूर्ण बॅकअप लॅपटॉपवर उतरवला, त्याची टार फाइल उघडते का ते पाहिलं, पाय रीतसर बंद केला, कार्ड काढून त्यावर चिठ्ठी लावली: ‘24.6, चालू, पुसू नये’. नव्या कार्डावर 64-बिट प्रणाली लिहिली आणि पहिल्याच पडद्यावर बॅकअपवरून उभं करण्याचा पर्याय निवडला. बॅकअप चढवला की आवृत्तीही बॅकअपमधलीच येते, म्हणजे मी पुन्हा 2024.6 वरच, फक्त आता 64-बिटवर. एका वेळी एकच बदल झाला, म्हणून बिघाड निघालाच तर कुठे शोधायचा ते ठाऊक होतं. झिगबीचे संदेश पकडणारं डोंगल तेच, पाय तोच, त्यामुळे राउटरने पत्ताही तोच दिला. एकही सेन्सर नव्याने जोडावा लागला नाही.

त्यानंतरच्या पायऱ्या शनिवारी सकाळी, उजेडात. आधी 2024.12 ची शेवटची उपआवृत्ती, कमांडलाइनवर आकडा स्वतः लिहून. या वेळी पडदा रिकामा झाल्यावर मी सरळ भाजी चिरायला घेतली. परत आले तेव्हा सगळं सुरू झालेलं. लॉग वाचला, दिवे-पडदे तपासले, नवा बॅकअप घेतला. मग 2025.5. अ‍ॅड-ऑन्स (सोबतचे छोटे प्रोग्राम) एकेक करून, झिगबी सगळ्यात शेवटी. एसीसाठी बाहेरून टाकलेलं एक इंटिग्रेशन, म्हणजे उपकरण जोडून देणारा भाग, मात्र लाल झालं. सेफ मोडमध्ये सुरू केलं की अशी बाहेरची इंटिग्रेशन्स बंद राहतात, त्यामुळे दोष त्याचाच आहे हे लगेच पक्कं झालं. त्याच्याकडे कित्येक महिन्यांत कोणी पाहिलेलं नव्हतं. ते काढून टाकलं आणि एसीसाठी साधा इन्फ्रारेड ट्रान्समीटर बसवला.

आता आपोआप बॅकअप रोज पहाटे घरातल्या दुसऱ्या संगणकावर जातो. 2025.1 पासून हे बॅकअप कुलूपबंद होतात, तेव्हा त्यांची एन्क्रिप्शन की छापून कपाटात ठेवली आहे. ती हरवली तर बॅकअप असून नसल्यासारखा.

जुलै 2025 मध्ये 2025.7 आली, पण ‘.0’, म्हणजे महिन्याची अगदी पहिली आवृत्ती, मी घेत नाही. दोन-तीन दुरुस्त्या आल्या की शनिवारी सकाळी बघू, असं ठरवलं. पॅसेजचा सेन्सर मात्र तेव्हापासून दिवा लावायला सेकंदभर उशीर करतोय. आई म्हणते, “तुझं ते आधी बरं होतं.” कारण अजून सापडलेलं नाही.